जुनी बोट, रुसलेली मोटर आणि नाशिकची हवा

माझ्या पीएचडीचा विषय आहे जलाशयाच्या तळाशी साठणारा गाळ. हे सांगितलं की लोकांच्या डोळ्यासमोर पांढरा कोट आणि सूक्ष्मदर्शक येतो. खरं तर गेल्या दोन वर्षांतला माझा बराच वेळ एका चौदा फुटी फायबरच्या बोटीत आणि तिच्या मागे लटकणाऱ्या आठ हॉर्सपॉवरच्या मोटरीत गेला. गाळ धरणाच्या मधोमध असतो. तिथे पोचता आलं नाही, तर बाकीच्या सगळ्या उपकरणांचा उपयोग शून्य.

नाशिकला समुद्र नाही, पण पाणी भरपूर आहे. गंगापूर, दारणा, वैतरणा आहे. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा नांदूरमधमेश्वरचा बंधारा आहे, जो महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरला. आणि दर काही वर्षांनी पूर असतो. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये दुतोंड्या मारुती बुडाला, तेव्हा शहरातल्या लोकांनाही बोट म्हणजे काय ते आठवलं. वर्षभर शेडमध्ये पडून असलेली मोटर त्या दिवशी दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला सुरू झालीच पाहिजे, आणि नेमकी अशी पडून राहिलेली मोटरच सुरू होत नाही. ती का होत नाही, हे आज सांगते. माझी एक गाळाची फेरी हुकली तर एक महिन्याचा बिंदू आलेखावरून गळतो. पुरात हीच गोष्ट झाली तर काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

आधी बोटीबद्दल, कारण मोटर दुरुस्त करून ती कुजक्या फळीवर टांगण्यात अर्थ नाही.

आमची बोट रायगडकडून जुनी म्हणून घेतली आणि टेम्पोतून कसारा घाट चढून आली. बोट खाऱ्या पाण्यातून गोड्या पाण्यात आली की दोन गोष्टी उलट्या होतात. पहिली म्हणजे गंज कमी होतो, हे बहुतेकांना माहीत असतं. दुसरी सहसा कुणी सांगत नाही: फायबरला फोड गोड्या पाण्यात जास्त येतात.

फायबरची बोट म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई आणि पॉलिएस्टर रेझिन, वरून जेलकोटचा गुळगुळीत थर. जेलकोट पाणी पूर्ण अडवत नाही, ते रेणू-रेणूने आत झिरपतं. आत रेझिनचे न जुळलेले अंश विरघळतात आणि पाण्यामुळे पॉलिएस्टरचे बंध तुटून आम्ल तयार होतं. जेलकोटच्या आत दाट द्रावण, बाहेर पातळ पाणी आणि मधे अर्धवट पारगम्य पडदा, म्हणजे अकरावीत शिकलेलं ऑस्मोसिस. मीठ घातलेल्या कैरीला पाणी सुटतं तेच तत्त्व. समुद्राचं पाणी स्वतःच खारट, त्यामुळे आतल्या-बाहेरच्या दाटपणातला फरक कमी. धरणाच्या पाण्यात क्षार थोडे, म्हणून फरक मोठा आणि पाणी जोरात आत ओढलं जातं. फोड फोडला तर आतून चिकट पाणी येतं आणि त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. (फोडताना डोळ्यांवर चष्मा हवा. आतला दाब चांगलाच असतो.)

उपाय कंटाळवाणा आहे. फोड घासून उघडायचे, गोड्या पाण्याने पुन्हापुन्हा धुवायचे, आणि मग आठवडेच्या आठवडे वाळू द्यायचे. ओल्यावर रेझिन लावलं तर ओल आत कोंडली जाते आणि सगळं पुन्हा सुरू होतं. नाशिकचा मार्च-एप्रिल या कामाला उत्तम, कारण हवा कोरडी असते. पण रेझिन प्रत्यक्ष लावायचं ते सकाळी लवकर. हार्डनर साधारण एक ते दोन टक्के घालतात; ३८ अंशांत दोन टक्के घातला तर ब्रश उचलेपर्यंत डब्यात दगड झालेला असतो. एक गोष्ट मात्र गंमत म्हणून वाचू नका. आपल्याकडे दुकानात रेझिन, जांभळट रंगाचा कोबाल्ट अ‍ॅक्सिलरेटर आणि हार्डनर बऱ्याचदा तीन वेगळ्या बाटल्यांत मिळतात. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं आणि त्यानंतरच हार्डनर.

मोटर जिला टांगतात त्या मागच्या उभ्या फळीला ट्रान्सम म्हणतात. वरून फायबर असलं तरी आत प्लायवूड असतं आणि बोल्टच्या भोकांतून त्यात पाणी शिरतं. तपासायची रीत सोपी. नाण्याने ठोकत जा. टण्ण आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत कुजलंय. खात्री करायची तर एक बारीक भोक पाडून भुसा बघा. कोरडा आणि फिका हवा. आमचा काळा आणि ओला निघाला. फळी बदलली, भोकं मोठी पाडून इपॉक्सीने भरली आणि मग त्या इपॉक्सीतून पुन्हा बोल्टची भोकं पाडली, म्हणजे लाकूड पाण्याला लागतच नाही.

पण सगळ्यात मोठा प्रश्न दिसत नव्हता. बोटीच्या दुहेरी तळात तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो. नवा असताना तो पाणी पीत नाही, पण वर्षानुवर्षं ओलीत राहिला की हळूहळू पितो. आम्ही टेम्पोसकट बोट काट्यावर नेली, जिथे एरवी कांद्याच्या गाड्या मोजतात, आणि नंतर रिकामा टेम्पो मोजला. असा काटा दहा-दहा किलोंच्याच टप्प्यात सांगतो, पण आपल्याला तेवढं पुरतं. बोट तिच्या कागदावरच्या वजनापेक्षा सुमारे ७० किलोंनी जड निघाली. म्हणजे एक अख्खा माणूस आधीच बसलेला आहे, फक्त तो दिसत नाही.

यातून काय होतं? पाण्याच्या पातळीला आमच्या बोटीचा आडवा छेद साधारण पावणेपाच चौरस मीटर आहे. म्हणजे बोट एक सेंटीमीटर खाली बसायला ४७ किलो लागतात आणि ७० किलोंनी ती दीड सेंटीमीटर बसते. दीड सेंटीमीटर ऐकायला किरकोळ आहे. पण हे वजन मागच्या बाजूला जास्त, तिथेच मोटर, तिथेच चालवणारा, तिथेच पेट्रोलची टाकी. त्यामुळे मागची कड दीड नाही, बरीच जास्त खाली जाते, आणि मोटर एकदम बंद केली की मागून येणारी स्वतःचीच लाट नेमकी तिथून आत शिरते. बोटीवर ‘५ व्यक्ती’ असं रंगवलेलं असतं, ती नवी असतानाची गोष्ट. आमची बोट चार माणसांची झाली होती आणि पाटी पाचच म्हणत होती. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून लोकांना बाहेर काढताना बोट उलटली आणि अनेकांचा जीव गेला, तेव्हा बोटीत जास्त माणसं बसल्याची चर्चा झाली. जुन्या बोटीच्या बाबतीत माणसं मोजण्याआधी बोट मोजायला हवी, असं मला त्यानंतर ठामपणे वाटतं. आम्ही ओला फोम खरवडून काढला. जुन्या बोटीवर काम करणाऱ्याला मी आधी हेच करायला सांगेन, रंगकाम नंतर.

आता मोटर.

बोटीच्या मागे टांगायची मोटर म्हणजे आउटबोर्ड. इंजिन, दांडा आणि पंखा एकाच तुकड्यात. १९०९ च्या सुमारास अमेरिकेत ओले एविनरूड या नॉर्वेतून आलेल्या माणसाने ती बाजारात यशस्वी करून दाखवली आणि तेव्हापासून मूळ मांडणी फारशी बदललेली नाही. आमची टू-स्ट्रोक आहे. द्राक्षबागेत पाठीवरचा पेट्रोलचा फवारणी पंप पाहिला असेल तर हे इंजिन तुम्हाला ओळखीचं आहे: वेगळं ऑइल चेंबर नाही, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली. फरक एवढाच की फवारणी पंप हवेने थंड होतो आणि आउटबोर्ड पाण्याने. म्हणून पेट्रोल पंपावर रिक्षासाठी मिळणारं टू-टी ऑइल यात घालू नये. पाण्यावर थंड होणारं इंजिन तुलनेने गार चालतं आणि त्या ऑइलमधली राख प्लगवर साठते. आउटबोर्डसाठी टीसी-डब्ल्यू-३ असं लिहिलेलं ऑइल घ्या.

तक्रारी तीनच असतात: सुरूच होत नाही, सुरू होऊन थोड्या वेळाने बंद पडते, किंवा चालते पण जोर धरत नाही.

मधली आधी, कारण ती सगळ्यात स्वस्त आहे. मोटर दहा मिनिटं छान चालते, मग मरते, थोडं थांबलं की पुन्हा चालते. कार्बोरेटर उघडण्याआधी पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघा. तो बंद असेल तर पेट्रोल कमी होतं तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पंप पेट्रोल ओढू शकत नाही. नळीवरचा रबरी फुगा चपटा झालेला दिसला की समजायचं. याच तक्रारीवर एका गॅरेजमध्ये अख्खा कार्बोरेटर बदललेला मी पाहिला आहे.

सुरूच न होणं हा खरा अभ्यासाचा विषय. प्लगला ठिणगी आहे हे पाहिल्यावर संशय कार्बोरेटरवर येतो आणि तो बहुतेक वेळा बरोबर असतो. आत एक पायलट जेट असतो, त्याचं भोक साधारण ०.४ मिमीचं. मोटर पडून राहिली की वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे डिंकासारखा थर राहतो. तो भोकाच्या कडेला फक्त ०.०२ मिमी जाडीचा जमला, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी, तर भोक ०.३६ मिमी होतं. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून, म्हणून वाट १९ टक्क्यांनी अरुंद होते. बाहेरून जेट स्वच्छ दिसतो, मेकॅनिकही “साफ आहे” म्हणतो, आणि मोटर सुरू होत नाही. याउलट तार घालून टोकरलं आणि भोक ०.४४ झालं तर वाट २१ टक्क्यांनी मोठी. म्हणून तार नको. कार्ब क्लीनरमध्ये भिजवा आणि हवेचा झोत मारा. मोटर ठेवून देण्याआधी पेट्रोलची नळी काढून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालवली, तर वाटी रिकामी होते आणि हा प्रश्न बराचसा टळतो.

हे झालं जुनं दुखणं. नवं दुखणं आहे ई-२०.

देशात पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉलचा टप्पा २०२२ मध्ये गाठला गेला, २०२३ मध्ये ई-२० विक्रीला आलं आणि २० टक्क्यांचं उद्दिष्ट २०३० वरून अलीकडे २०२५ वर आणलं गेलं. आज आपल्याकडच्या पंपावर जे मिळतं त्याचा पाचवा हिस्सा दारूच्या कुळातला आहे. (धरणाच्या पाण्यावर ऊस, उसापासून इथेनॉल आणि ते इथेनॉल पुन्हा धरणावरच्या बोटीत. चक्र पूर्ण.) मला इथेनॉलविरुद्ध मोहीम उघडायची नाही. फक्त जुन्या आउटबोर्डला ते काय करतं ते मोजूया.

एक किलो साधं पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे त्याला ९ किलो पुरते. ई-२० साठी हिशेब केला की येतात १३.५. नव्या गाड्यांत सेन्सर असतो, तो पेट्रोल वाढवून घेतो. आमच्या मोटरीत पितळेचं एक भोक आहे आणि त्याला काहीच कळत नाही. ते जुन्याच हिशेबाने पेट्रोल सोडतं, म्हणजे गरजेपेक्षा नऊ टक्के हवा जास्त. मेकॅनिकच्या भाषेत मोटर लीन चालते. इंजिन तापतं.

मग सगळ्यांच्या मोटरी एव्हाना जाम का झाल्या नाहीत? इथे नाशिकची उंची मदतीला येते. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, हवा विरळ आहे. कार्बोरेटरमधलं हवा-पेट्रोलचं प्रमाण ढोबळमानाने हवेच्या घनतेच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतं. हवा विरळ झाली की मिश्रणात पेट्रोलचा वाटा वाढतो. एप्रिलच्या दुपारी ३५ अंश तापमान धरलं, तर समुद्रकाठच्या १५ अंशांच्या हवेच्या तुलनेत इथली घनता सुमारे १३ टक्क्यांनी कमी आणि मिश्रण जवळजवळ सात टक्क्यांनी रिच. इथेनॉलने नऊ टक्के लीन केलं, उन्हाने आणि उंचीने सात परत दिले. मोटर खुशीत चालते.

आता डिसेंबरची पहाट घ्या. निफाडचा पारा वर्तमानपत्रात पहिल्या पानावर येतो ते दिवस. आठ अंशाला हवा दाट होते आणि परत मिळतात फक्त दोन-सव्वादोन टक्के. मोटर सहा टक्क्यांहून जास्त लीन राहते. वर इथेनॉलची बाष्प होताना लागणारी उष्णता पेट्रोलच्या जवळपास अडीच पट, त्यामुळे थंड इंजिनात ते नीट उडतच नाही. म्हणून उन्हाळ्यात पहिल्या ओढीला सुरू होणारी मोटर हिवाळ्यात पंधरा ओढी घेते आणि थ्रॉटल दिला की खोकून बंद पडते. आणि आमच्या विषयात पहाटेच पाण्यावर असावं लागतं, कारण हिवाळ्यात वरचं पाणी रात्री थंड होऊन खाली बसतं आणि ते मिसळणं ऊन चढण्याआधी मोजायचं असतं.

मोटर ज्यांच्याकडे नेते त्या काकांचं गॅरेज खरं तर स्कूटरचं. त्यांनी हे गणित न करता प्लग काढला, टोक पांढरट बघितलं आणि म्हणाले, “ताई, हिला पेट्रोल पुरत नाहीये.” मेन जेट एक नंबर मोठा घातला. सहा टक्के क्षेत्रफळ वाढवायला व्यास फक्त तीन टक्क्यांनी वाढवावा लागतो, एक मिमीचा १.०३. आता प्लगचं टोक कॉफीच्या रंगाचं येतं.

पाण्याची भीती मात्र लोक चुकीच्या जागी बाळगतात. इथेनॉल हवेतली ओल शोषतं हे खरं, पण बंद टाकीत त्याला बराच काळ लागतो. धोका आहे झाकणातून शिरणाऱ्या पावसाचा. ई-१० मध्ये साधारण अर्धा टक्का पाणी गेलं की इथेनॉल आणि पाणी हातात हात घालून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. २५ लिटरच्या टाकीला हे होतं १२५ मिली, चहाचा एक कप. ई-२० थोडं जास्त पचवतं, पण फुटलं तर खालचा थरही मोठा. ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं आणि नळीचं तोंड असतं तळाशी, म्हणजे इंजिनला वंगणाशिवायचं इंधन मिळतं. पावसाळ्यानंतर टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन दहा मिनिटं उभं ठेवा. दोन थर दिसले तर ते वापरू नका.

पंख्याबद्दल थोडक्यात. गोदावरीत पाणवेली आहेत. त्यांची मुळं पंख्यात अडकतात हे दिसतं, पण त्या थंड पाण्याचं तोंडही बंद करतात आणि ते दिसत नाही. मोटरीच्या मागून पाण्याची बारीक धार पडत असते. ती थांबली की मोटर लगेच बंद, प्रश्न नंतर. आत रबरी पात्यांचा पंप असतो आणि तो पाण्याशिवाय मिनिटभरही चालवायचा नाही. घरी तपासताना मोटर पाण्याने भरलेल्या पिंपात उभी करा. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यातली बारीक रेती ही पाती झिजवते, म्हणून पावसाळा संपला की ती बदलून टाका. आणि कोकणातून आलेल्या मोटरीवर जस्ताचा अ‍ॅनोड असेल तर तो काढून मॅग्नेशियमचा लावा. गोड्या पाण्यात जस्तावर थर चढतो आणि ते काम करणं थांबवतं.

एवढं करून मोटर धडधडत चालायला लागली, आणि मग माझ्या गाइडनी विचारलं की ती पाण्यात काय सोडते. टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये शिरतं तेव्हा एग्झॉस्टचं दारही उघडं असतं, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरच्या मोटरीत इंधनाचा पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त न जळता बाहेर जातो. आउटबोर्डचा एग्झॉस्ट पाण्याखाली असतो. दिवसात पाच लिटर जाळले तर लिटरभर पेट्रोल आणि त्यातलं ऑइल जलाशयात. अमेरिकेत टाहो सरोवरावर अशा मोटरींना १९९९ मध्ये बंदी घातली गेली ती यामुळेच. गंगापूरचं पाणी नाशिक पितं. शिवाय पाण्यातल्या प्रदूषकांचे नमुने घेणारी बोटच ते प्रदूषक सोडत असेल, तर बाटलीत मोजतोय काय?

म्हणून आता नमुन्याच्या जागेच्या दोनशे मीटर आधी मोटर बंद होते. उरलेलं अंतर वल्ही मारायची, वाऱ्याला तोंड करून, आणि बाटली बोटीच्या पुढच्या टोकावरून भरायची. बॅटरीच्या मोटरीचा हिशेबही केला आहे. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १.२ युनिट वीज. ६०० वॉटची छोटी मोटर त्यावर जेमतेम दोन तास चालते. आठ हॉर्सपॉवर म्हणजे सहा किलोवॉट, तो जोर तिला नाही. पुरात किंवा समोरून वारा असताना मी तिच्या भरवशावर जाणार नाही. पण शांत पहाटे काठापासून दोन किलोमीटरवर जाऊन यायला ती पुरते, आणि आठ अंशाला तिला चोक लागत नाही. पुढच्या हिवाळ्यापासून नमुन्यांच्या फेऱ्या तिच्यावर, आणि पेट्रोलची मोटर वाटी रिकामी करून, पण लावलेलीच, सोबतीला.